समोरून ऑल-इन आलं: जॅक्सची जोडी, ३९,५०० चिप्स आणि तीन मिनिटं

पोकरच्या एका डावाबद्दल आलेला प्रश्न थोडक्यात असा: "गोव्यात पोकरच्या एका लाइव्ह टूर्नामेंटमध्ये ब्लाइंड्स (दोघांनी डावाआधीच सक्तीने भरायच्या चिप्स, स्मॉल आणि बिग) १,०००/२,००० होते, बिग ब्लाइंडने त्यावर भरायचा अँटी २,०००. बक्षिसं अजून खूप लांब होती. कटऑफवर (डीलरच्या आधीच्या जागेवर) मला हातातल्या दोन पत्त्यांत जॅक्सची (गुलामांची) जोडी आली. माझ्याकडे ७०,००० होते, मी रेज करून (बोली वाढवून) ४,५०० केले. स्मॉल ब्लाइंडवर पन्नाशीचे एक गृहस्थ होते, दोन तासांत त्यांनी फारसे डाव खेळलेच नव्हते. त्यांनी एकदम ४४,००० ऑल-इन केले, म्हणजे होत्या तेवढ्या सगळ्या चिप्स लावल्या. बिग ब्लाइंडने पत्ते टाकले. मी तीन मिनिटं विचार केला. आतून वाटत होतं की एस-किंग (एक्का-राजा) असणार. कॉल केला (तेवढ्याच चिप्स भरून डावात राहिलो), त्यांनी क्वीन्स (राण्यांची जोडी) उघडल्या. मित्र म्हणतात, अशा माणसासमोर जॅक्स टाकायलाच हव्या होत्या. माझं चुकलं का? अशा वेळी ठरवायचं कसं?"

आधी निकाल सांगतो, मग हिशोब. कॉल बरोबर होता. मात्र ज्या कारणासाठी तुम्ही तो केलात ते कारण चुकीचं होतं. मित्रांचं ऐकून पुढच्या वेळी तुम्ही जॅक्स टाकाल, किंवा पुन्हा कधी 'आतून वाटलं' म्हणून एस-टेनने कॉल कराल, या दोन्हींची मला सारखीच काळजी वाटते. म्हणून जरा लांबण लावतो.

ऑल-इन आलं की पहिलं काम भाव काढायचं, म्हणजे कॉल परवडायला किती टक्के वेळा जिंकावं लागेल ते बघायचं. हे काम अंदाजाचं नाही, शुद्ध अंकगणिताचं आहे. पॉटमध्ये (मधे जमलेल्या चिप्समध्ये) तुमचे ४,५००, त्यांचे ४४,०००, बिग ब्लाइंडचे २,००० आणि अँटीचे २,००० होते, म्हणजे ५२,५००. तुम्हाला आणखी घालायचे होते ३९,५००. ते घातल्यावर पॉट होतो ९२,०००. ३९,५०० ला ९२,००० ने भागलं की ४२.९ टक्के येतात. शंभर वेळा हाच डाव झाला आणि त्यातले ४३ तुम्ही जिंकलात, तर कॉल फुकट जात नाही. त्याहून जास्त जिंकलात तर फायदा, कमी जिंकलात तर तोटा. टेबलावर बसून एवढा भागाकार करायची गरज नाही. ९२ चे ४० टक्के सुमारे ३७ आणि ४५ टक्के सुमारे ४१, आपले ३९.५ त्यांच्या मधोमध. एवढं पुरतं.

इथेच एक चूक नेहमी होते. "माझे ४,५०० आधीच आत गेलेत, आता कसं सोडू?" असं म्हणत लोक कॉल करतात. ते ४,५०० आता तुमचे राहिलेले नाहीत. रेज करताना हातातून सुटले तेव्हाच ते पॉटचे झाले. ते भावात धरायचेच, वरच्या बेरजेत आपण धरलेही आहेत. पण ते पॉटमधले चार पैसे म्हणून धरायचे, 'माझे' म्हणून नाही. एकच रक्कम बेरजेतही धरली आणि मनातही धरली की ती दोनदा मोजली जाते, आणि प्रत्येक कॉल स्वस्त वाटायला लागतो.

आता अवघड भाग. तुम्ही म्हणता, "वाटत होतं की एस-किंग असणार." समोरच्याला एकच हात देऊन टाकणं ही नव्या खेळाडूची सगळ्यात महागात पडणारी सवय आहे. त्या गृहस्थांकडे काय होतं हे तुम्हाला कळायला मार्गच नव्हता. कळण्यासारखं होतं ते एवढंच, की असा माणूस २२ बिग ब्लाइंड कोणकोणते हात घेऊन आत ढकलेल. त्या सगळ्या हातांचा गठ्ठा म्हणजे रेंज. प्रश्न नेहमी त्या गठ्ठ्याबद्दल विचारायचा.

गठ्ठा मोजायला कॉम्बो, म्हणजे एखादा हात किती प्रकारे बनतो ते, यावे लागतात. कुठलीही जोडी सहा प्रकारे बनते. एस-किंगसारखे दोन वेगळे पत्ते सोळा प्रकारे येतात, त्यातले चार एकाच रंगाचे (दोन्ही इस्पिक, दोन्ही बदाम असे) आणि बारा वेगवेगळ्या रंगांचे. हे तीन आकडे पाढ्यासारखे पाठ करा. मित्रांची समजूत अशी, की तो माणूस फक्त क्वीन्स, किंग्ज, एसेस किंवा एस-किंग घेऊनच ढकलणार. मोजू. तीन मोठ्या जोड्यांचे अठरा कॉम्बो, त्यांच्यासमोर जॅक्स शंभरात जेमतेम १९ वेळा जिंकतात. एस-किंगचे सोळा, त्यांच्यासमोर जॅक्स ५६-५७ वेळा जिंकतात. सगळं एकत्र केलं तर ३६ टक्के. भाव ४३ चा आहे. अशा रेंजसमोर कॉल म्हणजे सरासरी सहा हजार चिप्सचा, तीन बिग ब्लाइंडचा तोटा. मित्रांची समजूत खरी असेल तर त्यांचा सल्लाही खराच.

आता त्या गठ्ठ्यात टेन्सची जोडी घाला. टेन्ससमोर तुम्ही ८१ टक्के पुढे असता. एकूण आकडा ४३ च्या किंचित वर जातो, म्हणजे नेमका भावावर. आता एस-क्वीनही घाला. तुम्ही ४७ टक्क्यांवर पोचता आणि कॉलमध्ये सरासरी ३,८०० चिप्स मिळतात. आणखी सैल खेळणारा असेल, एट्सपासून वरच्या सगळ्या जोड्या, एस-जॅक आणि एकाच रंगाचे किंग-क्वीन घेऊन ढकलणारा, तर तुम्ही ५४ च्या पुढे जाता. मग विचार करायलाही वेळ लागू नये.

म्हणजे तुमच्या तीन मिनिटांचा सगळा प्रश्न एका वाक्यात मावतो: हा माणूस २२ बिग ब्लाइंडवर टेन्स आणि एस-क्वीन ढकलतो का? याचं उत्तर मिळालं की निर्णय आपोआप मिळतो. माझं उत्तर 'हो' असं आहे, आणि त्याचं कारण सांगतो. लाइव्ह टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात, म्हणजे दोन तासांत पन्नास-साठ. टेन्सपासून वरची जोडी किंवा एस-क्वीन, एस-किंग यांपैकी काहीतरी साधारण एकवीस डावांत एकदा येतं. दोन तासांत दोन-तीनदा. कधी ते आलेच नाहीत, कधी आले तेव्हा पुढून दोघांनी आधीच जोर लावला होता, तर कुठलाही शहाणा माणूस दोन तास गप्प दिसेल. गप्प बसणं हा पुरावा आहे, पण फार कमी वजनाचा. वय तर त्याहूनही हलका पुरावा. पन्नाशीचा माणूस घट्ट खेळतो असं धरून मी स्वतः बरेच चांगले कॉल सोडले आहेत.

दुसरं कारण त्यांच्या चिप्सचं. २२ बिग ब्लाइंड असलेल्या माणसाला टेन्स किंवा एस-क्वीन स्मॉल ब्लाइंडवरून नुसतं कॉल करून खेळणं अवघड जातं, कारण पुढचा सगळा डाव त्याला आधी बोलावं लागतं. असे लोक सांगतात, "फ्लॉप (टेबलावर सगळ्यांसाठी उघडणारे पहिले तीन पत्ते) बघायचाच नव्हता, म्हणून ढकललं." त्या दोन तासांत ते एकदा तरी ढकलताना आणि काय उघडताना दिसले होते का, ही माहिती तुम्ही दिलेली नाही. पुढच्या वेळी नक्की टिपून ठेवा. उघडलेला एक हात दोन तासांच्या शांततेपेक्षा जास्त सांगतो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आड येते, ती तीन पत्तीची. बहुतेकांचे हात दिवाळीत घरच्या तीन पत्तीवर वळलेले असतात. तिथे शेवटी दोघं उरले की पैसे भरून शो मागायचा आणि पत्ते बघायचे, हा खेळाचाच भाग आहे. त्यातली गंमत मलाही आवडते. पण ती उत्सुकता घेऊन नो-लिमिटच्या (कितीही लावता येणाऱ्या पोकरच्या) टेबलावर बसलं की "बघू तरी काय आहे" म्हणत अख्खा स्टॅक, म्हणजे सगळ्या चिप्स, आत जातो. शो मागणं ही इथे खरेदी आहे. वस्तूची किंमत माहीत नसताना भाव दिला तर कधीतरी स्वस्तात मिळेल, पण वर्षाचा हिशोब लागणार नाही.

हे सगळं फ्लॉपच्या आधीचं. फ्लॉपनंतर टेबलावर उघडणारा चौथा पत्ता म्हणजे टर्न, पाचवा आणि शेवटचा म्हणजे रिव्हर. रिव्हरवर ऑल-इन आलं तर गणित सोपं होतं आणि माणूस अवघड होतो. एकही पत्ता यायचा उरलेला नसतो. तुमचा हात एकतर पुढे असतो किंवा मागे. याचं मला माहीत असलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण २००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटमधलं आहे. ८३९ खेळाडू, प्रवेश १०,००० डॉलरचा. शेवटी दोघं उरले: टेनेसीचा हिशेबनीस ख्रिस मनीमेकर, जो ८६ डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून (मोठ्या स्पर्धेची जागा जिंकून देणाऱ्या छोट्या स्पर्धेतून) तिथवर पोचला होता, आणि मुरलेला व्यावसायिक सॅम फार्हा. मनीमेकरकडे ४६ लाख २० हजार चिप्स, फार्हाकडे ३७ लाख ७० हजार.

फार्हाच्या हातात इस्पिकची राणी आणि बदामाची नव्वी. मनीमेकरच्या हातात इस्पिकचा राजा आणि बदामाची सत्ती. बोर्डावर फ्लॉपला इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची छक्की. टर्नला इस्पिकची अठ्ठी. मनीमेकरला आता फ्लशची (एकाच रंगाचे पाच पत्ते) आणि दोन्ही बाजूंनी उघड्या स्ट्रेटचीही (ओळीने पाच पत्ते) आशा. रिव्हरला बदामाची तिर्री, आणि त्याचं सगळं वाया गेलं. फ्लॉपच्या आधी दोघांचे एकेक लाख आत होते. टर्नवर फार्हाने तीन लाख लावले, मनीमेकरने आठ लाख केले, फार्हाने कॉल केला. रिव्हरवर मनीमेकरने सगळं आत ढकललं. फार्हा बराच वेळ विचारात होता, मग त्याने पत्ते टाकले. त्याचा हात, नव्व्यांची जोडी, पुढे होता.

भाव काढू. पॉट सुमारे १८ लाख. फार्हाकडे उरलेले सुमारे २८ लाख ७० हजार, म्हणजे तेवढाच कॉल, आणि कॉलनंतरचा पॉट ७५ लाख ४० हजार. २८.७ भागिले ७५.४ म्हणजे ३८ टक्के. साध्या भाषेत, समोरच्याकडे खऱ्या हाताचे पाच प्रकार असतील तर ब्लफचे तीन तरी असायला हवेत. लक्षात ठेवा, रिव्हरचा भाव कधीच पन्नास टक्क्यांवर जात नाही, समोरच्याने पॉटच्या कितीही पट लावले तरी. अर्ध्या पॉटला २५, पूर्ण पॉटला ३३, दुप्पट पॉटला ४०. म्हणून "एवढे मोठे लावलेत, म्हणजे नक्की असणार" हे वाक्य पुरेसं नाही. मोठ्या ऑल-इनने भाव वाढतो, पण वाटतो तेवढा वाढत नाही.

मग फार्हा चुकला का? टीव्हीवर दोघांचे पत्ते दिसत होते, त्यामुळे जगाने त्याला चुकलेला ठरवलं. मी बसून मोजलं. बोर्डावर तीन इस्पिक आहेत, उरलेल्या दहा इस्पिकांतून फ्लशचे ४५ प्रकार होतात. फार्हाच्या हातात इस्पिकची राणी असल्यामुळे त्यातले नऊ बाद, राहिले ३६. स्वतःच्या हातातला पत्ता समोरच्याचे हात कमी करतो, यालाच ब्लॉकर म्हणतात. शिवाय टेन-सेव्हन आणि सेव्हन-फाइव्ह यांचे स्ट्रेट, फ्लश वगळून आणखी तीस. दोन जोड्या आणि तीन सारखे पत्ते मी सोडूनच देतो. म्हणजे फार्हाला हरवणारे निदान ६६ प्रकार, त्याला पुरून उरायला सुमारे ४० ब्लफ हवेत. टर्नवर रेज करावा असे आणि रिव्हरवर फसलेले हात कोणते? एकट्या इस्पिकच्या एक्क्याबरोबर किंवा राजाबरोबर सत्ती किंवा दश्शी. त्यांचे बाराच प्रकार होतात. उरलेले अठ्ठावीस शोधायला मनीमेकर फारच धाडसी आहे असं मानावं लागतं. तो तसा होता हे आपल्याला आज ठाऊक आहे. त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला ते ठाऊक नव्हतं. त्यामुळे मी फार्हाच्या त्या फोल्डला चूक म्हणत नाही, आणि बरीच वर्षं मी म्हणत होतो.

थोड्याच वेळात उलट घडलं. जॅक-टेन घेऊन फार्हाची वरची जोडी (बोर्डावरच्या सगळ्यात मोठ्या पत्त्याशी जुळलेली) लागली आणि या वेळी त्याचे सगळे पैसे आत गेले. मनीमेकरकडे फाइव्ह-फोर होते, फ्लॉपवरच दोन जोड्या. रिव्हरला फुल हाउस (तीन सारखे पत्ते आणि एक जोडी) झालं आणि २५ लाख डॉलरचं बक्षीस टेनेसीला गेलं. वरची जोडी दोन्ही डावांत होती. एकदा पुढे असताना सोडली, एकदा मागे असताना आत घातली. यावरून फार्हा वाईट खेळाडू ठरत नाही. एक जोडी किती नाजूक असते हे मात्र कळतं.

यातून मी स्वतःला एक सवय लावून घेतली. रिव्हरवर ऑल-इन आलं की कॉल करण्याआधी मी मनात ब्लफची नावं घेतो. "हा माणूस फसलेला कोणता हात घेऊन हे करेल?" एकही नाव सुचलं नाही तर पत्ते टाकतो, माझा हात कितीही सुंदर असो. दोन-चार नावं सुचली तर ती मोजतो. 'ब्लफ असू शकतो' हे वाक्य प्रत्येक ऑल-इनबद्दल खरं असतं, म्हणून त्याचा काहीच उपयोग नाही. फसलेला फ्लश कोणता, स्ट्रेट कोणता, हे नावाने सांगता आलं तरच तो ब्लफ हिशोबात धरायचा.

फ्लॉपवर किंवा टर्नवर ऑल-इन आलं आणि तुमच्याकडे पूर्ण व्हायचा हात असेल, तर त्याचं गणित पटकन सांगतो. फ्लॉपवर फ्लशला एक पत्ता कमी असेल तर नऊ पत्ते उपयोगाचे, दोन पत्ते यायचे, शक्यता ३५ टक्के. दोन्हीकडून उघडा स्ट्रेट असेल तर ३१ ते ३२. पॉट १०,००० आणि समोरच्याने ८,००० ऑल-इन केले तर भाव ३१ टक्क्यांचा, फ्लशच्या आशेने कॉल बसतो. तेच २०,००० केले तर भाव ४० चा, आणि नुसत्या फ्लशच्या आशेवर तो बसत नाही. समोरच्याकडे तीन सारखे पत्ते असतील तर ३५ चे पंचवीसच्या आसपास होतात, कारण तुमचा फ्लश लागला तरी त्याचं फुल हाउस लागू शकतं. टर्नवर परिस्थिती एकदम बदलते. एकच पत्ता उरतो, ४६ पैकी ९, म्हणजे साडेएकोणीस टक्के. हा भाव मिळायला समोरच्याने पॉटच्या एक तृतीयांशहून कमी लावलेले असावे लागतात, आणि ऑल-इन सहसा एवढं लहान नसतं.

हे मी चटका बसून शिकलो, पण चटका उलट्या बाजूने बसला. पणजीत खेळायला लागलो त्या पहिल्या वर्षी टर्नवर पॉट ३०,००० होता, समोरच्याने तेवढेच ऑल-इन केले. माझ्याकडे बदामाच्या फ्लशची आशा. भाव ३३ टक्क्यांचा, माझ्याकडे वीससुद्धा नाहीत. मी कॉल केला आणि रिव्हरला बदाम आलं. टेबलावरच्या लोकांनी पाठ थोपटली. त्या एका बदामामुळे पुढचं जवळजवळ वर्षभर मी असे कॉल करत राहिलो आणि प्रत्येक वेळी 'आज नशीब नव्हतं' म्हणत घरी गेलो. तुमचं नेमकं उलट होतंय. क्वीन्स उघडल्या म्हणून बरोबर कॉल तुम्हाला चूक वाटतोय. त्या गठ्ठ्यात क्वीन्स होत्याच, आपण त्या मोजल्याही होत्या. सहा कॉम्बो, सत्तावन्नपैकी (वर मोजलेले छप्पन्न आणि उरलेल्या दोन जॅक्सचा एक).

आता तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्याकडे येतो: "बक्षिसं अजून खूप लांब होती." हे वाक्य नसतं तर माझं उत्तर बदललं असतं. टूर्नामेंटमध्ये चिप्स म्हणजे पैसे नव्हेत, आणि बक्षिसांच्या उंबरठ्यावर हा फरक फार मोठा होतो. चार खेळाडू उरले आहेत, बक्षिसं तिघांना: ५०, ३० आणि २० हजार. चौघांकडे सारख्याच चिप्स. प्रत्येकाचा वाटा २५ हजारांचा. एकाने ऑल-इन केलं, तुम्ही कॉल केला आणि जिंकलात. आता अर्ध्या चिप्स तुमच्या. तुमचा वाटा दुप्पट म्हणजे ५० हजार झाला का? नाही. पहिल्या बक्षिसाची शक्यता अर्धी, म्हणजे २५ हजार. दुसऱ्याची एक तृतीयांश, म्हणजे १० हजार. तिसऱ्याची एक षष्ठांश, म्हणजे सुमारे ३,३०० रुपये. एकूण ३८,३००. हरलात तर शून्य. म्हणजे ३८,३०० च्या आशेसाठी तुम्ही हातातले २५,००० लावताय. २५ भागिले ३८.३ म्हणजे ६५ टक्के. चिप्सच्या हिशोबाने पन्नाशीला बसणारा कॉल इथे पासष्टला जातो. जॅक्सना एवढे टक्के फारच सैल माणसासमोर मिळतात; वर मोजलेल्या, एट्सपासून ढकलणाऱ्या माणसासमोर ५४ च्या आसपासच मिळतात. तिथे जॅक्स टाका, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

या हिशोबाला आयसीएम (इंडिपेंडंट चिप मॉडेल) म्हणतात. मुळात हे सूत्र डेव्हिड हार्विल यांनी १९७३ मध्ये घोड्यांच्या शर्यतीतल्या दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकांच्या शक्यतेसाठी मांडलं होतं, मेसन मालमुथ यांनी ते पोकरकडे आणलं. टेबलावर बसून ते कोणी पूर्ण करत नाही. पण बबलजवळ (बक्षिसांच्या उंबरठ्याजवळ) आलं की भावात दहा-पंधरा टक्के वाढवून बघायची सवय ठेवा. समोरच्याकडे तुमच्यापेक्षा कमी चिप्स असतील तर वाढ कमी, कारण हरलात तरी तुम्ही बाहेर पडत नाही. त्याच्याकडे जास्त असतील तर वाढ पूर्ण. सॅटेलाइटमध्ये तर याचं टोक गाठलं जातं: दहा जागा, अकरा खेळाडू, तुमचा स्टॅक मोठा. तिथे एसेसची जोडीसुद्धा टाकणं बरोबर ठरू शकतं. एसेस कुठल्याही दोन पत्त्यांसमोर सरासरी ८५ टक्के जिंकतात, पण जागा ९५ टक्के आधीच तुमची असेल तर ८५ कशाला विकत घ्यायचे? कॅश गेममध्ये यातलं काहीच नाही. तिथे चिप्स म्हणजे पैसेच, आणि चिप्सचा भाव तोच खरा भाव.

चेहरा, हात, श्वास यांबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण लोक त्यावर गरजेपेक्षा जास्त वेळ घालवतात. हिशोब ४३ च्या आसपास अडला असेल, तरच समोरच्याकडे बघायचं. हिशोब ३० किंवा ६० म्हणत असेल तर बघून काय करणार? आणि एकाच माणसाची दोन डावांतली तुलना करता येत असेल तरच त्यातून काही कळतं. अनोळखी माणसाचा थरथरता हात एसेसमुळे थरथरतोय की भीतीमुळे, हे मला आजही सांगता येत नाही.

सरावाबद्दल मात्र आग्रहाने सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी आणणारा केंद्राचा कायदा झाला. त्याआधी एका रात्रीत हजार डाव खेळून असे ऑल-इन कित्येकदा समोर यायचे. आता गोव्याला जाऊन दोन दिवसांत मोठा कॉल करायची वेळ दोन-तीनदा येईल. एवढ्याशा अनुभवावर अंदाज बसत नाही. म्हणून घरी, कागदावर, पैसे न लावता मोजा. इक्विटी (जिंकण्याची टक्केवारी) काढून देणारे मोफत कॅल्क्युलेटर आहेत. एक हात घ्या, तीन वेगवेगळ्या माणसांच्या रेंज लिहा, आधी स्वतः अंदाज करा, मग आकडा बघा. रोज पंधरा मिनिटं हे केलं तर महिन्याभरात तुमचा अंदाज दोन-तीन टक्क्यांत यायला लागेल. तुमच्या जॅक्सच्या डावात ३६ आणि ४७ यांतलाच फरक ओळखायचा होता, त्यामुळे एवढी अचूकता भरपूर झाली.

जाता जाता याच डावाचा एक बदललेला प्रकार सोडवायला देतो, आणि उत्तरही देतो. तुमच्याकडे तेच ७०,०००, पण त्या गृहस्थांकडे ८०,००० आहेत आणि ते सगळे ढकलतात. आता तुम्हाला घालायचे ६५,५००, कॉलनंतरचा पॉट १,४४,०००, भाव साडेपंचेचाळीस टक्के. भाव वाढला, तुमचा पूर्ण स्टॅक पणाला लागला, म्हणून पहिल्या नजरेला जॅक्स टाकाव्याशा वाटतात. पण तोच प्रश्न परत विचारा: ४० बिग ब्लाइंड असलेला हा माणूस एसेस किंवा किंग्ज मिळाल्यावर असं ढकलेल का? बहुतेक नाही, तो १४-१५ हजार करून तुमच्या कॉलची वाट बघेल. मग गठ्ठ्यातून त्या दोन जोड्यांचे बारा कॉम्बो वगळा, आणि हिशोब कडक ठेवायला एस-क्वीनही सोडून द्या. राहतात टेन्स, एक जॅक्स, क्वीन्स आणि एस-किंग. त्यांच्यासमोर तुमच्या जॅक्स ५३ टक्के जिंकतात. हा कॉल तुम्ही केलेल्या कॉलपेक्षा सोपा आहे.